वाटाण्याच्या रोपावर मिळालेलं कर्ज

कुंडीत एक वाटाणा पेरलेला आहे. समोर कॅमेरा बसवलाय, आणि तो असा पक्का बसवलाय की पुढचे कित्येक दिवस तसूभरही हलता कामा नये. ठरावीक वेळानं एक माणूस येतो, कॅमेऱ्याचं हँडल जरासं फिरवून एकच चित्र टिपतो आणि जातो. पुन्हा येतो, पुन्हा एकच चित्र. कुंडीतली माती फुगते, तडकते, त्यातून वाकलेली हिरवी मान वर येते. मान सरळ होते, पानं उलगडतात, रोप वाढतं. माणसाच्या येरझाऱ्या चालूच आहेत.

साल १९१२, गाव मुंबई. माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, वय ४२. त्याला चित्रपट काढायचा आहे. लंडनला जाऊन कॅमेऱ्याची व्यवस्था करून आलाय, तंत्र शिकून आलाय, आणि आता हातात दमडी उरलेली नाही. ज्यांच्याकडून कर्ज मिळेल अशा मंडळींना चलच्चित्र बघणं ठाऊक आहे, पण ते आपल्या गल्लीतल्या, आपल्या ओळखीच्या माणसाला काढता येईल हे कुणाच्या मनात उतरत नाही. मग त्यानं ही छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. पडद्यावर लावली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर झाली. ती पाहून मित्र यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखी मंडळी पैसे द्यायला तयार झाली, आणि त्या पैशातून पुढं 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

शेतावर कर्ज मिळतं, सोन्यावर मिळतं, उभ्या पिकावरही मिळतं. एका वाटाण्याच्या रोपावर मिळालेलं हे कर्ज मला आपल्या चित्रपटाच्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. चित्रपटाचा निर्माता नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो.

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पैसे घालणारा तो फायनान्सर. निर्माता बहुतेक वेळा खिशात पैसे नसताना सुरुवात करतो. जे अजून जगात कुठंच नाही, ते आहे असं धरून तो चालायला लागतो, आणि एकेकाला त्यावर विश्वास ठेवायला लावतो: सावकाराला, घरच्यांना, नटांना, गावच्या पाटलाला आणि सगळ्यात शेवटी तिकीट काढणाऱ्याला. या साखळीतली एक कडी निसटली तरी चित्रपट होत नाही. फाळके यांच्या बाबतीत ही साखळी कडीकडीनं बघता येते, कारण पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी त्यांच्याआधी इथं कुणी ती जोडलेलीच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मी हा प्रयोग घरी करून पाहिला. बाल्कनीत कुंडी, तिच्यात रात्रभर भिजवलेले चार वाटाणे, समोर मोबाइल. मोबाइल ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढतो, म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. तरी दहा दिवस उजेड सारखा राहावा, वाऱ्यानं कुंडी हलू नये, कुणाचा धक्का लागू नये एवढं सांभाळताना माझी तारांबळ उडाली. शेवटी ते फोटो एकापुढे एक पळवले आणि मी बघतच राहिलो. वाटाण्याच्या शेंड्याला दोऱ्यासारखे बारीक तणावे असतात. नुसत्या डोळ्यांना ते स्थिर दिसतात. फिल्ममध्ये ते हवेत गोल गोल फिरत होते, आंधळा माणूस हात पुढं करून भिंत चाचपतो तसे आधार शोधत होते. एका तणाव्याला काडी सापडली, त्यानं तिला वेढा घातला आणि झटकन रोप तिकडे ओढलं गेलं. रोज पाणी घालताना मी हे पाहिलं नव्हतं. त्या कर्ज देणाऱ्यांनी १९१२ साली हेच पाहिलं असणार. वाटाणा त्यांना जन्मापासून माहीत होता, पण असा हालचाल करणारा वाटाणा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. हा माणूस आपल्या माहितीतल्या वस्तूतून माहीत नसलेलं काही काढून दाखवतो, एवढी खात्री त्यांना पटली असेल तर ती पुरेशी होती.

फाळके बेचाळिशीपर्यंत काय करत होते ते पाहिलं की वाटतं, जणू कुणीतरी त्यांना या एका कामासाठी घडवत होतं. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्म. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईच्या नाना खटपटी. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथं प्लेगनं पत्नी आणि मूल नेलं. मग पुराणवस्तू खात्यात नोकरी. लोणावळ्याजवळच्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्याची ब्लॉकची कामं. स्वतःचा छापखाना, तीनरंगी छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीची वारी. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावानं.

यातली छपाई फार महत्त्वाची. छापखान्यातल्या माणसाला एक गोष्ट हाडीमाशी कळलेली असते: मूळ ब्लॉक एकदा नीट तयार केला की प्रती हव्या तेवढ्या काढता येतात, खर्च पहिल्या प्रतीत असतो. रविवर्म्यांचं एक चित्र राजवाड्यात एका राजाला दिसतं, त्याचा छाप मात्र घराघरातल्या देवघरात जातो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतल्या 'अमेरिका-इंडिया' सिनेमात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरची फिल्म पाहताना फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी पुढं 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहिलं. ते खरंच. पण त्यांच्यातल्या छापखानेवाल्यालाही त्या अंधारात काहीतरी दिसलं असेल असं मला वाटतं. नाटक कंपनीला प्रत्येक गावी नट, साजिंदे, पडदे, पेट्या सगळं बिऱ्हाड घेऊन जावं लागतं, आणि रात्रीचा खेळ रात्रीच संपतो. इथं सगळी अयोध्या एका डब्यात मावत होती. प्रिंट दोन काढल्या तर एकच रात्र दोन गावांत.

पुढचे काही महिने त्यांनी सिनेमा पाहण्यात, यंत्रांचे खेळ करण्यात घालवले. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. औषधोपचारांनी ती वाचली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला पोचले. तिथल्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकानं आधी त्यांना या धंद्यात पडू नका असं सांगितलं, मग त्यांची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन काम दाखवलं. फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची खरेदी ठरवली आणि एप्रिलमध्ये ते परत आले. शिकायला मिळाले ते दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्या भोकं पाडायच्या यंत्रापाशी मला थांबायचंय.

फिल्मच्या पट्टीच्या दोन्ही कडांना चौकोनी भोकं असतात, हे जुने रोल पाहिलेल्यांना आठवेल. या भोकांत यंत्राचे दात अडकतात आणि पट्टी एकेक चित्र पुढं सरकते. एका चित्राला एका बाजूला चार, दोन्ही मिळून आठ भोकं. भोक केसभर इकडेतिकडे झालं की पडद्यावर राजवाडा थरथरतो. त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. भोकं आपली आपण पाडून घ्यायची, आणि तीही अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम फाळके यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या.

आता हिशेब करू. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं. गुणिले आठ: ४,७३,६०० भोकं. ही फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीची. जी दृश्यं फुकट गेली त्यांची वेगळी, आणि पडद्यावर लावायची प्रिंट वेगळ्या फिल्मवर निघते, तिची पुन्हा तेवढीच. हा आकडा मी तीनदा तपासून पाहिला. पावणेपाच लाख भोकं, अंधारात, यंत्रावर पट्टी सरकवत, दिवसभराचा स्वयंपाक उरकल्यावर. कारण सगळ्या मंडळींचं जेवणही घरातच होत होतं आणि ते सरस्वतीबाईच बघत होत्या. दिवसा चित्रीकरण चालू असताना पांढऱ्या चादरी ताणून धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडायचं कामही त्यांनी केलं. चित्रपटासाठी अंगावरचे दागिने तर आधीच गेले होते.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता येई. त्याच कारणानं कपाळावरचं लाल कुंकू पडद्यावर काळं उमटे आणि निळं आकाश पांढरं. राजा-राणीचे पोशाख निवडताना, तोंडाला रंग लावताना डोळ्यांना काय दिसतंय ते विसरून फिल्मला काय दिसेल याचा विचार करावा लागे. तीनरंगी छपाईत रंग वेगळे काढून पाहण्याची सवय झालेल्या माणसाला हे सोपं गेलं असेल.

चित्रीकरण झालं दादर मेन रोडवर, जिथं फाळके राहत होते. आज तो दादासाहेब फाळके रोड आहे. दादर पूर्वेला स्टेशनाबाहेर पडून त्या रस्त्यानं चालताना फळवाले आणि टॅक्सी यांच्यामधून वाट काढावी लागते, आणि पाऊणशे पावलांतच मला दर वेळी वाटतं की इथंच कुठंतरी अयोध्येचा राजवाडा कापडावर रंगवून उन्हात वाळत घातलेला असेल. विजेच्या दिव्यांचा प्रश्नच नव्हता. सूर्य हाच दिवा.

माणसं मिळवणं हे यंत्रं मिळवण्याहून कठीण निघालं. हरिश्चंद्राला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, कोठीवरच्या बायकांनाही विचारलं, पण कॅमेऱ्यासमोर यायला कुणी तयार होईना. नाटकात पुरुषांनी स्त्रीपार्ट करणं तेव्हा रोजचंच होतं, पण नाटकातला नावाजलेला नट या नव्या, बिनइभ्रतीच्या खेळात कशाला येईल? शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा तरुण त्यांच्या नजरेत भरला. अंगानं सडपातळ, हात नाजूक. नाव अण्णा साळुंके. तिथं त्याला महिन्याला १० रुपये मिळायचे, फाळके यांनी १५ देऊ केले. पाच रुपये जास्त, आणि भारताच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला राणी मिळाली. राजपुत्र रोहिदास घरातच होता, फाळके यांचा थोरला मुलगा भालचंद्र.

बायकांची कामं करणाऱ्या इतरांपुढे वेगळाच पेच आला. मिशी काढायला कुणी राजी होईना, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. एकेकाची आणि त्याच्या वडिलांची समजूत काढावी लागली. शेजारीपाजारी विचारतील तेव्हा सिनेमात काम करतो असं सांगू नका, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणा, असं फाळके यांनी मंडळींना शिकवून ठेवलं होतं. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं. मला यात मोठी समज दिसते. फॅक्टरीत जाणाऱ्या मुलाला घरी मान असतो. निर्मात्यानं नटांना पगाराबरोबर सांगायला एक शब्दही दिला.

बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली. तलवारी, भाले, दाढ्या लावलेली माणसं पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि पाटील-फौजदारांनी सगळ्यांना अडकवून ठेवलं. फाळके मागून पोचले. सांगून कुणाला पटेना, तेव्हा त्यांनी फौजदारासमोरच एक प्रसंग उभा केला आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात फिल्म घातलेलीच नव्हती, अशी ही आठवण सांगितली जाते. फिल्म महाग, ती फौजदाराची समजूत घालायला कशी खर्च करायची? फौजदार खूश झाला आणि मंडळी सुटली. वाटाणा आणि हा रिकामा कॅमेरा मला एकाच माणसाच्या दोन खुणा वाटतात. एकाला खरं चित्र दाखवून पटवलं, दुसऱ्याला नुसतं चित्र काढणं दाखवून.

कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेरे, असा त्या काळच्या कॅमेऱ्यांचा हिशेब. म्हणजे या चित्रपटासाठी निदान ७,४०० फेरे, एकसारख्या लयीत. लय चुकली की पडद्यावर राजा धावत सुटतो. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत काम पुरं झालं.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लोकांना तिकिटाच्या बदल्यात रात्रभराचं नाटक बघायची सवय, इथं तासाभरात सगळं आटपणार. म्हणून चित्रपटाच्या जोडीला नाच, नकला, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू असा इतर कार्यक्रमही होता. मुंबईत चित्रपट चालला.

सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तीन आण्यांचं तिकीट धरलं तर १६ माणसं. सात महिने, दागिने, पावणेपाच लाख भोकं, आणि समोर १६ माणसं. फाळके यांनी जाहिरात बदलली. कथा, देव, सत्यवचन यातलं काही नाही. ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं तीन आण्यांत, असा त्या जाहिरातीचा आशय होता. दुसऱ्या दिवसापासून गर्दी लोटली आणि गल्ला तीनशेवर गेला, असं सांगतात.

ही जाहिरात मला फार आवडते, म्हणून तीही हिशेबाला लावून पाहिली. फोटोंचा आकडा खऱ्याच्या अगदी जवळ आहे, आपण काढलेल्या ५९,२०० हून थोडा कमीच. लांबी मात्र पाऊण मैलाहूनही थोडी कमी भरते. दोन मैल कुठून आले? ते बाजाराच्या भाषेतून आले. सुरत ही व्यापाऱ्यांची, कापडाची पेठ, तिथं माल मापानं विकला जातो. बारा आण्यांच्या कापडात किती वार मिळतात हे ज्याला डोळे मिटून कळतं, त्याला तीन आण्यांत सत्तावन्न हजार चित्रं म्हणजे काय सौदा आहे हे लगेच कळलं. गावागणिक माणूस कशानं हलतो, ते फाळके यांनी ओळखलं होतं.

मग वेगच आला. मुक्काम नाशिकला हलवला. १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' आला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई यांनी काम केलं, म्हणजे वर्षाच्या आतच बायका पडद्यावर आल्या. पुढे 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये फाळके आपल्या फिल्म घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी त्या पाहून वाखाणल्या, तिथंच राहून काम करा असंही त्यांना सांगितलं गेलं. नाशिकची माणसं सोडून ते राहणार नव्हते. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, इकडच्या सावकारांनी हात आखडता घेतला आणि उभा केलेला कारखाना बसला. या पडत्या काळात त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्रागणिक थोड्या थोड्या सरकवत त्यांचे आकार नाचवले. नट नको, पोशाख नको, एक काड्यापेटी आणि वाटाण्याच्या वेळची तीच युक्ती.

१९१७ च्या 'लंकादहन'नं सगळं पुन्हा उभं केलं. यात अण्णा साळुंके यांनी सीतेचं काम केलं आणि रामाचंही. खाणावळीतला तो मुलगा एकाच चित्रपटात दोघं झाला आणि थिएटरात लोक राम दिसला की हात जोडायचे. गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी मद्रासकडची आठवण सांगतात. सोळा आण्यांचा रुपया आणि तीन-चार आण्यांची तिकिटं, म्हणजे मोठ्या गल्ल्याचं खरोखरच ओझं व्हायचं.

इथून पुढचं लिहिताना जरा वाईट वाटतं. यश आलं तसे भांडवलदार आले. मुंबईतल्या कापड व्यापाऱ्यांबरोबर भागीदारीत १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' यांनी पैसा दिला. पण खर्चावरून आणि शिस्तीवरून खटके उडायला लागले. छापखान्यातही भागीदारांशी असंच बिनसून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले होते. मला दोन्ही बाजू कळतात. ज्याचे पैसे अडकलेत तो किती फूट आणि किती दिवस हे विचारणारच. आणि ज्यानं वाटाण्यासमोर दिवसच्या दिवस काढले, त्याला अर्ध्यात थांबून हिशेब देणं जड जाणारच. परक्याचा विश्वास मिळवण्यात फाळके यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण तो मिळाल्यावर रोज चोपडी उघडून सांभाळायचा असतो, तिथं त्यांचं मन रमलं नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथं 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये कंपनीत परतले, पण आता मालकीचा मान नव्हता.

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलायला लागला. फाळके यांचा 'सेतुबंधन' तेव्हा पैशांच्या ओढाताणीत रखडलेला होता. तो मूकपट म्हणून पुरा झाला तोवर मूकपटांचा जमाना सरला होता. पुढे त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा एकुलता एक बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला, वय सदुसष्ट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट एवढं काम त्यांच्या नावावर सांगितलं जातं.

यातलं उरलंय फार थोडं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी लागली की भडकणारी आणि नुसती पडून राहिली तरी हळूहळू विरघळणारी. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत आणि तीसुद्धा १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असल्याचं अभ्यासक सांगतात. आधीची प्रिंट नष्ट झाली तेव्हा फाळके यांनी अख्खा हरिश्चंद्र नव्यानं काढला होता. त्याच वर्षीचा 'चित्रपट कसे तयार करतात' हा त्यांचा लघुपट तुकड्यांत उरलाय. आपला धंदा लोकांना उघडा करून दाखवायची हौस त्यांना अशी पहिल्यापासून होती.

त्यांच्या चित्रपटांपैकी बराचसा शाबूत मिळालेला म्हणजे १९१९ चा 'कालिया मर्दन'. कृष्णाचं काम फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिनं केलंय, वय सातेक वर्षं. चित्रपट सुरू होतो तो यमुनेवर नाही आणि गोकुळातही नाही. आधी नुसती मंदाकिनी दिसते, घरातल्या मुलीसारखी, समोरून, जवळून. ती हसते, रुसते, घाबरते, रागावते, एकेक भाव करून दाखवते. ही कोण आहे, कुणाची मुलगी आहे, हे वडिलांनी प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलंय. लपवलेलं काहीही नाही. मग तिच्याच जागी हळूहळू कृष्ण उमटतो. पुढं ती कालियाच्या डोहात उडी घेते तेव्हा, सगळं ठाऊक असूनही, मी खुर्चीत पुढं सरकून बसतो.